वाचकांचे प्रश्न : ईस्टर घरातल्यांच्या हातून

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे, दिवस सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. डिसेंबरात ताऱ्यांच्या माळा, केक आणि करंज्यांविषयी विचारणारे वाचक मार्चमध्ये जरा गंभीर होतात, आणि नागपुरातले वाचक त्याबरोबर उन्हाची आणि मुलांच्या परीक्षांची तक्रारही जोडतात. आलेल्या पत्रांतील पाच येथे घेतली आहेत. पाचांमागचा प्रश्न बहुतेक एकच आहे: सणाचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे, पण तो घरात कसा आणावा?

प्रश्न : आम्ही मेकोसाबागेत राहतो. मुले नऊ आणि तेरा वर्षांची आहेत. नाताळात घर नुसते गजबजलेले असते. ईस्टरला मात्र शुक्रवारी तीन तास चर्चमध्ये बसायचे, रविवारी उपासनेला जायचे, दुपारी बिर्याणी खायची आणि कूलरसमोर झोपायचे, एवढेच होते. गेल्या वर्षी थोरल्याने विचारले, "मम्मी, ईस्टरला आपण नेमके करतो काय?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या मुलाने प्रश्न अगदी बरोबर शब्दांत विचारला आहे, कारण त्याने ईस्टर म्हणजे काय असे विचारलेले नाही, ते तो रविवारच्या शाळेत अनेकदा शिकला असणार. आपण 'करतो' काय, असे त्याने विचारले आहे. नाताळात मुलांच्या हाताला काम असते. तारा टांगायचा, गव्हाणीसाठी गवत आणायचे, गाणाऱ्यांच्या टोळीबरोबर रात्री हिंडायचे, शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे पोहोचवायची. ईस्टरच्या आठवड्यात मात्र आपण त्यांना बाकावर बसवतो आणि गप्प राहायला सांगतो. बसलेल्या मुलाला शुक्रवारच्या तीन तासांतले येशूचे क्रुसावरचे सात उद्गार लक्षात राहत नाहीत, बाकाची कडा लक्षात राहते.

म्हणून आपण दोनच कामे निवडावीत आणि ती दरवर्षी त्याच दिवशी, त्याच मुलाकडे द्यावीत, असे मी सुचवीन. पहिल्या वर्षी दहा कार्यक्रम आखणारी घरे दुसऱ्या वर्षी एकही करत नाहीत, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

पहिले काम गव्हाचे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमधून परत आल्यावर एक पसरट मातीचे परळ घ्यावे. आपल्याकडची काळी माती पाण्याने चिकट होते, म्हणून तिच्यात निम्मी रेती किंवा कुजलेले शेणखत मिसळावे. रात्रभर भिजवलेले गहू तिच्यावर दाट पसरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि ओले गोणपाट झाकावे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडण्याचे काम धाकट्याचे. दोन-तीन दिवसांत पांढरे टोक दिसू लागते. तेव्हा गोणपाट काढून परळावर टोपली पालथी घालावी आणि ते घरातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. शुक्रवारी मुलाने टोपली उचलून पाहिली तर त्याला फिकट पिवळी, जरा आजारी वाटणारी रोपे दिसतील, आणि ती वाया गेली असे त्याला वाटेल. वाटू द्यावे. तेव्हा समजावून सांगण्याची घाई करू नये. रविवारी पहाटे टोपली काढून परळ उजेडात ठेवायचे. चार-पाच बोटे उंच झालेली ती पिवळी रोपे उजेड मिळताच हरितद्रव्य तयार करू लागतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पोपटी झाक चढते. परळ व्हरांड्यातच ठेवावे, उघड्या गच्चीवर ठेवू नये. एप्रिलचे ऊन त्यांना दुपारपर्यंत वाळवून टाकील.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने स्वतःच्या मरणाविषयी बोलताना गव्हाच्या दाण्याचाच दाखला दिला आहे: जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. हे वचन मुलाने परळाजवळ उभे राहून वाचावे. ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. दक्षिण इटलीतल्या काही भागांत अशीच अंधारात वाढवलेली गव्हाची फिकट रोपे आज्ञा-गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) चर्चमध्ये नेऊन ठेवण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे गहू पेरण्याचे परळ पाहून कोणाला घटस्थापना आठवेल. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

दुसरे काम आज्ञा-गुरुवारचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी अनेक चर्चमध्ये पाळक किंवा धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ते घरीही करता येते, आणि माझ्या अनुभवात आठवड्यातली हीच गोष्ट मुलांच्या मनात सर्वांत खोल जाते. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या घरी माझे वडील दरवर्षी पितळेचे जुने घंगाळ काढत, त्यात माठातले पाणी ओतत आणि आम्हा भावंडांना ओळीने पाटावर बसवत. मार्च-एप्रिलमध्ये नागपुरातल्या मुलांच्या पायांची जी अवस्था असते, तीच आमच्याही पायांची असे. दुसऱ्या मुलाची पाळी येईपर्यंत पाणी मातकट झालेले असे. वडील फारसे बोलत नसत, पण पाय धुता धुता नखे तपासत आणि "ही नखे आहेत की नांगराचे फाळ?" असे विचारत, म्हणून आम्ही हसत असू आणि प्रार्थनेच्या वेळीही हसू आवरत नसे. मग ते स्वतः पाटावर बसत आणि सर्वांत धाकट्याने त्यांचे पाय धुवायचे असत. त्यांच्या टाचांना इतक्या खोल भेगा आहेत, हे मला वयाच्या सातव्या वर्षी त्या घंगाळापाशी कळले. त्या दिवशीचा शास्त्रपाठ मला आठवत नाही, टाचा आठवतात.

मुले हसली तर रागावू नये. तेरा वर्षांच्या मुलाला संकोच वाटेल; त्याला आधी पाय धुवून घ्यायला लावू नये, पाणी ओतायला उभे करावे. पुढच्या वर्षी तो आपणहून बसेल.

रविवारच्या पहाटेविषयी अधिक लिहायला नको, कारण ती आपल्याकडे आजही जिवंत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहाटेच्या उपासनेसाठी साडेचारला उठणे आले. आमच्या घरी जो आधी जागा होई त्याने दुसऱ्याच्या कानाशी "प्रभू उठला आहे" असे म्हणायचे आणि झोपेतून उठणाऱ्याने "खरोखर उठला आहे" असे उत्तर दिल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, असा नियम होता. पहिला मान मिळवण्यासाठी माझा भाऊ एकदा अडीच वाजताच उठला आणि त्याने सगळ्यांची झोपमोड केली. हे उत्तर लूकच्या शुभवर्तमानातले आहे. यरुशलेमेत जमलेले शिष्य रात्री परतलेल्या दोघांना तेच सांगतात. कॅथलिक घरांत हा आनंद शनिवारी रात्रीच सुरू होतो: चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्खाची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची मेणबत्ती पेटत जाते. मुलांना त्या रात्री झोपवून ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ती पेंगतील, पण शाळेला सुट्टीच असते.

बिर्याणीविषयी माझी काही तक्रार नाही.

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे, माझे यजमान हिंदू आहेत आणि आम्ही नागपूरच्या महाल भागात सासूबाईंबरोबर राहतो. त्या माळकरी आहेत, घरात अंडेही येत नाही. त्यांचा माझ्या सणाला विरोध नाही, पण ईस्टरच्या दिवशी "तुमचे चालू द्या" असे म्हणून त्या आपल्या खोलीत बसून राहतात. सहा वर्षांची मुलगी विचारते की आजी आपल्या सणाला का नसते. त्यांना न दुखावता कसे सामील करून घ्यावे?

उत्तर : आपल्या सासूबाईंना सणात पाहुणी म्हणून बोलावले तर त्या येणार नाहीत, किंवा आल्या तरी खुर्चीच्या कडेवर बसतील. त्यांना जे काम आपल्यापेक्षा अधिक चांगले येते, ते त्यांच्याकडे मागावे. वरच्या उत्तरातले गव्हाचे परळ पाहा. नवरात्रात त्यांनी जन्मभर घट बसवले असतील. कोणती माती घ्यावी, दाणे किती दाट पेरावेत, पाणी किती शिंपडले म्हणजे बुरशी येत नाही, हे त्यांना आपल्याला विचारावे लागणार नाही. झावळ्यांच्या रविवारी परळ त्यांच्यापुढे ठेवून "आई, हे माझ्याकडून नीट होत नाही, तुम्ही दाखवाल का?" असे विचारून पाहावे. नात आणि आजी मिळून पेरतील, आणि आठवडाभर पाणी घालण्यावरून दोघींत भांडणेही होतील.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलीला "सगळे एकच असते" असे गुळमुळीत उत्तर देऊ नये. घट देवीचा असतो आणि हे गहू येशूच्या मरणाची आणि उठण्याची आठवण म्हणून आहेत, हे तिला सरळ सांगावे, आणि आजीचे पेरणे आजीच्या श्रद्धेने झालेले असले तरी परळ आपले आहे, हेही सांगावे. सहा वर्षांच्या मुलांना असे वेगळेपण समजते. मोठ्यांची लपवाछपवी मात्र त्यांना गोंधळात टाकते.

एका घरात दोन श्रद्धा नांदणे मराठी ख्रिस्ती समाजाला नवे नाही. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे त्यांच्याकडे परत आल्या तेव्हाही त्या हिंदूच होत्या. खाण्यापिण्याचे निर्बंध पाळत त्या ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या काळातल्या ओढाताणीचे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये जे वर्णन केले आहे, त्यात रडू आणि हसू एकाच पानावर येते. ते भाग दुपारी सासूबाईंना वाचून दाखवावेत असे मला मनापासून वाटते, कारण त्यांना त्यात प्रचार ऐकू येणार नाही, एक बिनधास्त मराठी बाई ऐकू येईल. टिळकांनी ख्रिस्ती भक्तिगीतांना अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले. ईस्टरच्या संध्याकाळी त्यांतले एखादे भजन टाळ घेऊन म्हटले तर माळकरी बाईंचा हात ताल धरल्याशिवाय राहणार नाही. त्यांनी तेवढाच ताल धरला आणि शब्द म्हटले नाहीत, तरी त्यावर बोलू नये.

अंड्यांचा आग्रह धरू नये. ईस्टरसाठी अंडे अनिवार्य नाही. मुलीला रंगवायचीच असतील तर ते शनिवारी आपल्या माहेरी करावे. आपल्या घरी न्याहारीला सासूबाईंच्या हातची पुरणपोळी आणि वर तुपाची धार असू द्यावी. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर तिची चव वेगळीच लागते, आणि पुढच्या वर्षी "तुमच्या सणाच्या पोळ्या केव्हा करायच्या?" असे त्याच विचारतील.

प्रश्न : ईस्टरची अंडी घरच्या घरी, बाजारी रंग न वापरता रंगवता येतात का? आणि नागपूरच्या उन्हात ती लपवण्याचा खेळ खेळणे कितपत योग्य आहे? (धरमपेठेतून)

उत्तर : रंगवता येतात, आणि आपल्याकडे तर रंग रस्त्याकडेलाच पडलेला असतो. फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या पाकळ्या वेचून वाळवून ठेवाव्यात. होळीचा रंग ज्या पाण्याने होत असे त्याच पाण्यात पांढरी अंडी पिवळसर केशरी होतात. त्याहून खात्रीचा रंग कांद्याच्या सालींचा. आठ-दहा कांद्यांची वाळलेली साले लिटरभर पाण्यात वीस मिनिटे उकळावीत, पाणी गाळून थंड करावे आणि दर कपाला एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. अंड्याचे कवच चुन्याच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आंबट पाण्याने त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग धरतो. दहा-बारा मिनिटे उकडलेली अंडी या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावीत. अर्ध्या तासात विटकरी छटा येते, रात्रभर ठेवल्यास गडद तांबडा-तपकिरी रंग चढतो. हळदीने पिवळा आणि बिटाने गुलाबी रंग येतो, पण बिटाचा रंग मला नेहमीच जरा उदास वाटला आहे.

मुलांसाठी एक युक्ती सांगते. सांबाराचे एक पान ओले करून अंड्यावर चिकटवावे, जुन्या मलमलीच्या तुकड्यात अंडे घट्ट गुंडाळून गाठ मारावी आणि मग ते रंगात सोडावे. उघडल्यावर पानाच्या जागी पांढरी नक्षी उमटलेली असते, अगदी शिरांसकट. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) हे उघडण्याचे काम ज्याने गाठ मारली त्यालाच द्यावे, मोठ्या भावाने आधी उघडून पाहिले तर सणाचा विचका होतो.

अंडी आली कोठून, हेही मुलांना सांगता येते. जुन्या काळी लेंटच्या उपवासात मांसाबरोबर दूध आणि अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत, त्यामुळे सण येईपर्यंत घरोघर अंड्यांचा साठा होई आणि ईस्टरला ती खाल्ली, वाटली, रंगवली जात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ती आजही लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि दोघांनी आपापले अंडे एकमेकांवर आपटायचे, ज्याचे फुटणार नाही तो जिंकला, असा खेळ खेळतात. बंद कवच म्हणजे कबर, हा अर्थही त्याला जोडला जातो.

आता उन्हाचे. उकडलेले अंडे फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. नागपुरात ईस्टरच्या दिवशी सकाळी नऊनंतर दुसराच भाग लागू होतो असे समजावे. म्हणून खेळ पहाटेच्या उपासनेहून परतल्याबरोबर खेळावा, किती अंडी लपवली आणि कोठे हे कागदावर लिहून ठेवावे आणि सापडल्याबरोबर ती फ्रिजमध्ये जावीत. लिहून ठेवण्याचा आग्रह मी अनुभवाने धरते. एका वर्षी मी बारा अंडी लपवली आणि अकरा सापडली. बारावे आम्ही "कोणीतरी खाल्ले असेल" म्हणून सोडून दिले. चौथ्या दिवशी कूलरमधून वाळ्याचा सुगंध येण्याऐवजी काही निराळेच येऊ लागले, आणि कूलरच्या लोखंडी स्टँडमागे ते निळसर झालेले अंडे सापडले. मुलांना त्या वर्षीचे दुसरे काहीही आठवत नाही.

चॉकलेटची अंडी ३४ अंशांच्या आसपास वितळतात, तेव्हा ती घराबाहेर लपवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काजूच्या मार्झिपानची अंडी तग धरतात.

प्रश्न : ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? आम्हाला सहलीचे आरक्षण आधी करायचे असते.

उत्तर : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोणत्याही रविवारी येऊ शकतो. ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी पाळावा, असा निर्णय ३२५ मध्ये निकाया येथील धर्मपरिषदेत झाला. आपल्या पंचांगाने पाहिले तर हिशेब सोपा आहे: होळी पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे गेली असेल तर तिच्या लगेच नंतरच्या रविवारी ईस्टर, नाहीतर हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी. चर्चची पौर्णिमा ठरावीक कोष्टकावरून काढतात, त्यामुळे कधी फरक पडतो. २०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती, पण कोष्टकातली पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिलला पडली. पौर्णिमा रविवारीच आली तर सण पुढच्या रविवारी जातो, म्हणून तो २० एप्रिलला झाला. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला येतो.

सहलीला अवश्य जावे, पण सोमवारी निघावे.

प्रश्न : माझी पत्नी गेल्या पावसाळ्यात वारली. आम्ही कामठीचे. अडतीस वर्षे ईस्टरच्या पहाटे तीच सर्वांना उठवत असे, आंघोळीचे पाणी तापवत असे, आणि आम्ही रांगेने चर्चला जात असू. मुलगा पुण्याला आहे, मुलगी जवळच राहते. दोघे म्हणतात, "बाबा, या वर्षी काही करू नका, तुम्हाला त्रास होईल." काही केले तर आठवण येते, न केले तर अधिक येते. आपण काय सुचवाल?

उत्तर : काका, मुले आपल्या काळजीपोटीच तसे म्हणत आहेत, परंतु मला त्यांचे म्हणणे पटत नाही. आपल्या पत्राचे शेवटचे वाक्य त्यांना वाचून दाखवावे.

पहाटेच्या उपासनेचा उगम आपल्याला कदाचित ठाऊक असेल. जर्मनीतल्या हेर्नहूट या गावी मोरेवियन पंथातले काही तरुण १७३२ च्या ईस्टरला उजाडण्यापूर्वी गावाच्या दफनभूमीत जमले आणि कबरींमध्ये उभे राहून त्यांनी पुनरुत्थानाची गीते गाईली. पुढच्या वर्षी सगळी मंडळी त्यांच्याबरोबर गेली. आज आपण मैदानात किंवा चर्चच्या आवारात सूर्योदयाची जी उपासना करतो, तिच्या पाठीमागे ही दफनभूमी आहे. पहिल्या ईस्टरला पहाटे निघालेल्या स्त्रियाही कबरीकडेच निघाल्या होत्या, आणि "कबरीच्या तोंडावरची धोंड कोण लोटील?" एवढीच त्यांची चिंता होती. तेव्हा या वर्षी आपला सण दफनभूमीतून सुरू झाला तर त्यात दुःखाला बोलावणे नाही. सण जेथून निघाला तेथेच आपण जात आहात.

शनिवारी ऊन कलल्यावर मुलीला आणि नातवंडांना घेऊन कबरीवर जावे. कोरडे गवत नातवंडांनी उपटावे, मोठ्यांनी दगड धुवावा आणि चुना द्यावा. दफनभूमीतल्या नळाला त्या वेळी पाणी असेलच असे नाही, म्हणून दोन डबे पाणी घरून न्यावे. मेणबत्ती काचेच्या पेल्यात लावावी, नाहीतर चैत्रातला वारा ती टिकू देत नाही. झेंडू उन्हात टिकतो, मोगरा टिकत नाही. पण आपल्या पत्नीला मोगरा आवडत असेल तर मोगराच न्यावा. रविवारी पहाटे चर्चला जाण्यापूर्वी पाच मिनिटे तेथे थांबून त्यांना आवडणारे एक गीत म्हणावे. पुण्याच्या मुलाला त्या वेळी फोन लावून ठेवावा. चित्र दिसले नाही तरी चालेल, त्याने गाणे ऐकावे आणि तिकडून म्हणावे. सुट्टी मिळत असेल तर त्याने शनिवारी रात्रीच्या गाडीने यावे, असे मी त्याला या सदरातूनच सांगते. पहिला ईस्टर आहे, पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी पाहता येईल.

स्वयंपाक मुलीने त्यांच्या पद्धतीने करावा, आणि आपण ओट्याजवळ खुर्ची टाकून बसावे. मीठ, तिखट, वाटण केव्हा घालायचे हे त्यांनी कधी लिहून ठेवले नसेल, पण अडतीस वर्षे जेवलेल्या माणसाला चव ठाऊक असते. "अजून नाही" आणि "आता झाले" एवढे आपल्याला नक्की सांगता येईल. मोठ्या नातवंडाने ते वहीत उतरवून घ्यावे.

राहिले पहाटे उठवण्याचे काम. ते आपण स्वतःकडे घेऊ नये, रात्रभर झोप लागणार नाही. ते सर्वांत धाकट्या नातवंडाकडे द्यावे. पहिल्या वर्षी त्याचा गजर चुकेल, सगळ्यांना उशीर होईल, चर्चमध्ये मागच्या रांगेत उभे राहावे लागेल. तरी पुढच्या वर्षी ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नये. आणि आपली पत्नी कोणत्या शब्दांनी हाक मारून सर्वांना उठवत असे, ते शब्द त्याला शनिवारी रात्रीच सांगून ठेवावेत.